फिनिश लाइनवर मी वाजवलेली शिट्टी

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हे सांगत होतो तेव्हा शेजारच्या कादरभाईंच्या नाकातून चहा आला, आणि बायकोने सोफ्याचं कव्हर मला धुवायला लावलं.

तर झालं असं, की दुबईत स्कीच्या शर्यतीला मी व्हॉलंटिअर होतो. कोण? मी! अश्फाक! रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा माणूस. आमच्याकडे थंडी पडली म्हणजे काय करतात? बनियनवर शर्ट घालतात. संपली थंडी.

आणि दुबईत बर्फ कुठला, असं विचारू नका. इथे एका मॉलच्या पोटात बर्फाचा अख्खा डोंगर बांधलाय. बाहेर गाडीच्या बॉनेटवर ऑम्लेट होईल, आणि आत लोक हातमोजे घालून कुडकुडतात. पैसे देऊन!

माझी लेक झोया. जन्म इथला, शाळा इथली, आता युनिव्हर्सिटीत. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज. तिला या क्रॉस-कंट्री स्कीइंगचं वेड. म्हणजे उतारावरून नुसतं घसरत यायचं नाही. पायाला लांब, अरुंद पट्ट्या बांधायच्या, दोन हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि चढावरसुद्धा स्वतःच्या ताकदीने पळायचं. बर्फ रोज मिळत नाही म्हणून ही पोरगी पहाटे उठून वाळवंटातल्या सायकल ट्रॅकवर चाकांच्या स्कीवर प्रॅक्टिस करायची. वर्षभर! पहिल्यांदा मी तिला तशी पाहिली तेव्हा म्हटलं, “बेटा, आपल्या सात पिढ्यांत कोणी बर्फ पाहिला नाही. हे काय आता?”

“सो आय विल बी द फर्स्ट, पप्पा.”

घ्या!

शर्यतीच्या आधी एकदा जेवताना म्हणाली, “पप्पा, वी आर शॉर्ट ऑफ व्हॉलंटिअर्स. यू आर यूज्ड टू द कोल्ड. प्लीज?”

आता थंडीची सवय मला आहे, हे खरं. मी हमरिया फ्री झोनमध्ये मासळीच्या कोल्ड स्टोअरेजला शिफ्ट इनचार्ज आहे. उणे अठरात सुरमई आणि कोळंबीच्या संगतीत माझा दिवस जातो. म्हटलं, “चल, येतो. इन्शाल्ला दाखवू त्यांना थंडीत काम कसं करतात ते.”

बघा, माणसाला मोठेपणा असा महागात पडतो.

माझी नोकरी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं. आमच्या प्लांटमध्ये थंडीसाठी अमोनिया वापरतात. हा वायू लीक झाला तर खेळ खलास. त्यामुळे दर थोड्या महिन्यांनी सेफ्टीचं ट्रेनिंग. आमचे ट्रेनर एक वाक्य इतक्या वेळा बोलतात की मी झोपेतही बडबडतो, असं बायको म्हणते. “एक आदमी गिरे, तो आदमी को देखो. दो गिरे, तो हवा को देखो!”

शर्यतीच्या आदल्या दिवशी मला सर्दी झाली. नाक दोन्ही बाजूंनी बंद. सकाळी निघताना नजमाने, म्हणजे आमच्या बायकोने, दारातच अडवलं.

“अहो, अशा नाकाने बर्फात जाणार? थांबा.”

आणि तिने माझ्या नाकाखाली, गालावर, कपाळावर बाम चोपडला. चोपडला म्हणजे, भाकरीला तूप लावतात तसा. वर कानटोपी घातली. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक आजी मला बघून दोन पावलं मागे सरकल्या.

मॉलमधल्या त्या बर्फाच्या हॉलमध्ये पोहोचलो तर तिथली मुख्य बाई हेल्गा मॅडम. उंच, गोरी, आवाज खणखणीत. कुठल्या तरी बर्फाच्या देशातली. तिने मला पिवळं जाकीट दिलं, नाकातोंडावर ओढायला कापडी पट्टा दिला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि फिनिश लाइनवर ब्लँकेट आणि पाण्याच्या बाटल्यांपाशी उभं केलं.

“जो रेसर येईल त्याला ब्लँकेट, पाणी. शिट्टी फक्त इमर्जन्सीला. ओके?” हे सगळं इंग्लिशमध्ये.

मी म्हटलं, “मॅडम, इमर्जन्सी इज माय डिपार्टमेंट.”

आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

झोया लांबून काहीतरी ओरडून सांगत होती. मी तेव्हा कानटोपी खाली ओढत होतो. “ओके ओके! ऑल द बेस्ट!” म्हणालो. ती मान हलवत गेली.

शर्यत सुरू झाली. छोटीच होती, मुलं-मुली एकत्र, सगळे हौशी. चढ चढायचा, वळसा घालून खाली यायचं, असे फेरे मारायचे. सगळ्यांना हेल्मेट, मोठे गॉगल, तोंडावर पट्टा. माणूस ओळखू येईल तर शपथ! पण झोयाचा हिरवागार सूट मी घरी पाहिला होता. मी हिरवा रंग धरून ठेवला. पुढच्या घोळक्यात हिरवा नव्हता. मधल्यांत नव्हता. शेवटी सापडला. सगळ्यांच्या मागे, चढावर, गोगलगायीसारखा.

वर्षभर पहाटे उठली पोरगी, आणि शेवटून पहिली? मनात म्हटलं, काही हरकत नाही, बेटा. भाग घेतलास हेच पुष्कळ. घरी जाताना बिर्याणी खाऊ.

इकडे पट्ट्याच्या आत माझा श्वास कोंडला होता. त्याची गरम वाफ वर डोळ्यांत जायची. डोळे चुरचुरायला लागले. मला वाटलं, थंडीने असेल.

तेवढ्यात पहिला रेसर आला. दांडगा पोरगा. रेषा ओलांडली आणि धाडकन उताणा! काठ्या एकीकडे, हा एकीकडे. छाती भात्यासारखी वरखाली, तोंडाला फेस.

मी ब्लँकेट घेऊन धावलो. “सर! सर, आर यू ओके?”

उत्तर नाही. एक हात उचलला आणि पाडला.

मी हेल्गा मॅडमकडे बघतो, तर ती रेषेच्या पलीकडून टाळ्या वाजवतेय! म्हटलं, काय बाई आहे! पोरगा जातोय आणि ही टाळ्या पिटतेय?

तेवढ्यात दुसरा आला. रेषा ओलांडली आणि गुडघ्यांवर कोसळला. मग आडवा. मग ओकला.

आणि माझ्या कानांत आमच्या ट्रेनरचा आवाज घुमला. दो गिरे, तो हवा को देखो.

विश्वास ठेवा, त्या थंडीत मला घाम फुटला. एवढा मोठा हॉल गार ठेवायला प्लांट तर असणारच! मी पट्टा खाली करून जोरात वास घेतला. काही नाही. येणार कसा? नाक तर बंद! पण डोळे? डोळे आता आगीसारखे जळत होते, घळाघळा पाणी वाहत होतं. आणि डोळे जळणं ही अमोनियाची पहिली खूण. आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं आहे!

मी हेल्गा मॅडमला हात केला, घसा धरून दाखवला. तिने हसून अंगठा वर केला.

गेली ही पण, मी म्हटलं. हिच्या डोक्यात गॅस चढला.

एवढ्यात तिसरी कोणीतरी आली. काळा सूट, सडपातळ. आली ती सरळ माझ्या पायांशी तोंडावर पडली. तिने माझा बूट घट्ट पकडला, मान उचलायचा प्रयत्न केला आणि तोंडातून कसेबसे शब्द काढले, “पा… पा…”

“पाणी? देतो बेटा, देतो!” आपल्याकडचीच कोणाची मुलगी दिसतेय, मला भरून आलं. तिच्या अंगावर ब्लँकेट टाकलं, हातात बाटली कोंबली, बूट सोडवून घेतला.

आणि शिट्टी फुंकली.

“गॅस! गॅस! एव्हरीबडी आउट! बाहर निकलो! यल्ला, यल्ला!”

क्षणभर सगळे पुतळे झाले. मग कोणीतरी भिंतीवरचं लाल बटण दाबलं आणि जो भोंगा सुरू झाला! दिवे लुकलुकायला लागले. टाइम घेणारे घड्याळं टाकून पळाले. फोटोवाला पळाला. कॉफीवाला ट्रे घेऊन पळाला. माझ्या पायाशी पडलेले तिघंही ताडकन उठून, पायाच्या पट्ट्या सोडून, नुसत्या बुटांत पळाले. मेलेली माणसं इतकी जोरात कशी पळतात, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. नाही पडला.

कारण माझी नजर वर गेली होती. हिरवा सूट अजून चढावर होता. हॉलच्या त्या टोकाला, एकटा, खाली मान घालून काठ्या मारत. भोंग्याचं भान नाही.

“झोया!”

काय झालं मला कळलं नाही. पळायला लागलो. बर्फात साधे बूट घालून चढ चढणं काय असतं, कधी करून बघा. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. पडलो. उठलो. पुन्हा पडलो, मग चार पायांवर गेलो. ट्रेनिंगमध्ये सांगतात, गॅस असेल तिथे मास्कशिवाय जायचं नाही, कोणासाठीही नाही. मी स्वतः नव्या पोरांना हे शिकवतो. पण शिकवताना आत आपली पोरगी नसते ना!

डोळ्यांना अंधुक दिसत होतं. डोक्यात एकच. ही लहान असताना झोपाळ्यावरून पडली होती, तेव्हा मी ड्युटीवर होतो. कुठल्याच वेळी मी नव्हतो. आज आहे. आज मी आहे.

पोहोचलो. मागून कंबरेला मिठी मारली.

ते हिरवं अंग दचकलं आणि आम्ही दोघं खाली! दोन माणसं, दोन पट्ट्या, दोन काठ्या आणि एक कानटोपी, असा एक गोळा गडगडत पार फिनिश लाइनपर्यंत आला. त्यातून मी तिला काखेत धरून दाराकडे ओढायला लागलो. ती काहीतरी ओरडत होती.

“बोलू नकोस, बेटा! श्वास रोख!” मी तिच्या पट्ट्याखाली हात घालून तोंड दाबलं. हाताला खरखरीत लागलं. म्हटलं, बिचारीचा पट्टा आतून थंडीने गोठलाय.

अंगात कुठून बळ आलं देव जाणे! वजन तर किती! नजमा हिला काय खायला घालते, असा विचारही मनात येऊन गेला.

दारातून बाहेर पडलो आणि तिला मॉलच्या फरशीवर बसवलं. आजूबाजूला रेसर, व्हॉलंटिअर, खरेदीला आलेली माणसं, सगळे गोळा. मी तिचा गॉगल काढला, पट्टा खाली ओढला.

आत दाढी होती.

चांगली भरघोस, तांबूस दाढी. आणि तिच्यावर दोन भेदरलेले डोळे माझ्याकडे बघत होते.

मला आधी काही सुधरेना. मग डोक्यात वीज चमकली. हा जर झोया नाही, तर झोया आत आहे!

मी वळलो आणि दाराकडे झेपावलो. सिक्युरिटीवाल्यांनी धरलं. “अंकल, अंदर नहीं जा सकते!”

“माझी मुलगी आहे आत! छोडो! मेरी बेटी है अंदर! झोया! झोया!”

मी लाथा मारल्या. कोणाला तरी चावलोही, असं नंतर कळलं. एक बाई तोंडावर हात ठेवून रडायला लागली होती.

“पप्पा?”

मागून आवाज आला. मी वळून बघितलं. ब्लँकेट गुंडाळलेली, काळ्या सूटमधली ती मुलगी. हातात मी दिलेली पाण्याची बाटली. हेल्मेट काढलेलं.

“तू… तू बाहेर कधी आलीस? हिरवा सूट?”

“झिप तुटली सकाळी. आय टोल्ड यू! आय वॉज शाउटिंग, ‘पप्पा, आय अॅम इन ब्लॅक!’ यू सेड ओके ओके!”

“मग तू… पाणी मागितलंस ती…”

“आय वॉज सेइंग पप्पा! आय केम थर्ड अँड आय वॉज सेइंग पप्पा!”

तिसरी! माझी झोया तिसरी आली होती. पदक! आणि मी तिच्या हातातून बूट सोडवून तिलाच वाचवायला गेलो होतो.

मी तिला जवळ घेतलं आणि लहान पोरासारखा रडलो. ती पण रडली. तेवढ्यात हॉलचे सेफ्टी ऑफिसर बिजूभाई आले. केरळचे, शांत माणूस. हातात वायू मोजायचं यंत्र.

“लीक किसने बोला?”

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी! मी ज्याला बाहेर काढला त्या दाढीवाल्यानेसुद्धा.

“अंकल, लीक तो कुछ भी नहीं है। और हमारे इधर अमोनिया है ही नहीं। आपको स्मेल आया?”

“नाक बंद है। लेकिन आंखें देखो ना! जल रही हैं!”

बिजूभाई जवळ आले. माझ्या तोंडाशी नाक आणून हुंगलं. मग चटकन मागे झाले आणि स्वतःचे डोळे पुसले.

“अंकल,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “ये बाम है।”

“पण माणसं पडत होती!” मी हेल्गा मॅडमकडे वळलो. “वन, टू, थ्री! ऑल फॉलिंग!”

तिने कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं असं, की या खेळात फिनिश लाइनला सगळेच पडतात. सगळी ताकद शेवटच्या पावलापर्यंत संपवायची असते. जो रेषेपलीकडे उभा राहिला, त्याला कोच ओरडतो!

आता मला सांगा, हे आधी सांगायला नको? बाकी सगळं सांगितलं, ब्लँकेट सांगितलं, पाणी सांगितलं!

आणि पुढचं तर ऐकाच. अर्धी माणसं ट्रॅकवर असताना शर्यत थांबली, म्हणून निकाल रद्द. थोड्या विश्रांतीनंतर शर्यत पुन्हा, पहिल्यापासून, सगळ्यांनी.

झोया खाली बसून पाय चोळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “पप्पा, कॅन आय आस्क समथिंग? यू सॉ सम्वन कमिंग लास्ट. अँड यू थॉट इट वॉज मी?”

सिक्युरिटीवाल्यांनी धरलं तेव्हाही इतकं दुखलं नव्हतं. मी म्हटलं, “मला काय कळतं ग त्यातलं.” ती बाटलीतलं पाणी प्यायली आणि हेल्मेट चढवून आत गेली.

दुसरी शर्यत मी काचेबाहेरून बघितली. हेल्गा मॅडमनी माझी शिट्टी काढून घेतली होती. जाकीटही.

या वेळी मी काळ्या सूटवरून डोळा हलवला नाही. पहिला फेरा चांगला गेला. मग पोरीचे पाय जड झालेले काचेबाहेरून दिसत होते. एकेक करत लोक तिला मागे टाकून गेले. मी काचेवर हात आपटून ओरडत होतो, “झोया, चल! यल्ला, बेटा!” आत ऐकू जात नव्हतं, बाहेर सगळ्यांना जात होतं. ती सहावी आली. रेषा ओलांडून कोसळली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

आणि पहिला कोण आला? ओळखा!

दाढी!

येरलान त्याचं नाव. कझाकस्तानचा, झोयाच्याच क्लबात नवीन आलेला, म्हणून हिरवा सूट. पहिल्या वेळी बाकीच्यांनी जीव तोडून शर्यत संपवली होती, आणि हा आपला अर्ध्यात रमतगमत चालला असताना मी त्याला उचलला. ताजातवाना गडी! सगळ्यांना मागे टाकून आला.

पदक घ्यायला तो वर चढला आणि माइक मागून घेतला. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, “भोंगा वाजला. सगळे बाहेर पळाले. हा एक माणूस आत पळाला. मला ओळखत नाही, माझा देश ओळखत नाही. मी सगळ्यांत मागे होतो, तरी माझ्यासाठी आला.” “मला वाटलं, याला वेड लागलंय. मग कळलं, याला गॅस वाटत होता. गॅस वाटत असताना आला!”

टाळ्यांचा कडकडाट! मला धरून वर नेलं. येरलानने पदक स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलं. माइक माझ्या तोंडासमोर आला.

हबीबी, मी तुला न्यायला आलोच नव्हतो, असं सांगू? समोर त्याचे डोळे भरलेले. मी म्हटलं, “वेलकम. एनी टाइम.”

तेवढ्यावर थांबला तर शपथ! खाली उतरल्यावर त्याने गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. रुमाल बांधलेली म्हातारी स्क्रीनवर आली, रडत रडत तिने हात वर करून माझ्यासाठी दुआ मागितली. झोया बाजूला उभी होती. म्हातारीने विचारलं, ही मुलगी कोण? येरलानने सांगितलं, यांचीच. ती पुन्हा काहीतरी लांबलचक बोलली. येरलान डोळे पुसत झोयाला म्हणाला, “आई म्हणते, परक्यांच्या मुलासाठी जो माणूस जीव धोक्यात घालतो, तो स्वतःच्या मुलीसाठी काय नाही करणार? असा बाप मिळाला, किती नशीबवान आहेस तू!”

झोयाने माझ्या गळ्यातल्या पदकाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे वळून गोड हसली.

“येस, आंटी. व्हेरी लकी. आय केम सिक्स्थ.”